साथीच्या दिवसांत खानावळीचा डबा

सिल्वासाच्या आसमंतात कारखाने वाढले, तसे दूरगावचे कामकरीही आले आणि त्यांच्यासाठी खानावळी निघाल्या. पावसाळ्यात दमणगंगा गढूळली आणि हगवण-ओकारीची साथ उठली, की सर्वांचे लक्ष पाण्याकडे जाते. ते योग्यच आहे. परंतु पाणी उकळून पिणारा मनुष्यही डब्यातल्या भाताने आजारी पडू शकतो.

ह्याचे कारण असे. शिजविल्याने बहुतेक जंतू मरतात. तथापि भातातील ‘बॅसिलस सिरियस’ ह्या जंतूची बीजुके उकळत्या पाण्यातही तग धरतात. पातेले तासन्‌तास कोमट राहिले की ती रुजतात, जंतू वाढतात व विष तयार होते. वाढणाऱ्याच्या बोटाला पिकलेली जखम असेल, तर ‘स्टॅफिलोकॉकस’ अन्नात उतरतो. त्याचेही विष पुन्हा तापविल्याने जात नाही. ‘एक वाफ काढली म्हणजे झाले’ ही आपली जुनी समजूत येथे फसते. सकाळचा भात रात्रपाळीच्या डब्यात भरावयाचा असेल, तर तो 60 अंश सेल्सिअसच्या वर तापता ठेवावा. नाही तर उथळ परातींत पसरून निववावा व शीतकपाटात ठेवावा. कोमट स्थितीत दोन तासांहून अधिक काळ नको. मोठे पातेले एकदाच चढविण्यात इंधन वाचते, हे मला मान्य आहे.

साथ उठल्यावर आपण हमखास शेवटच्या जेवणाला दोष देतो. स्टॅफिलोकॉकसचे विष एक ते सहा तासांत ओकारी आणते खरे. पण साल्मोनेलाला तीन दिवस आणि पटकीला पाच दिवसही लागू शकतात. म्हणून आरोग्य केंद्रातील माणसे विचारतील तेव्हा मागच्या दिवसांतले जेवणही आठवावे. जे आजारी पडले नाहीत, त्यांनी काय खाल्ले नाही, हेही सांगावे. दोषी पदार्थ पुष्कळदा त्यातूनच सापडतो. उरलेले अन्न लाजेने उकिरड्यावर टाकू नये. झाकून, थंड जागी, तपासणीसाठी राखावे. लपवाछपवीत एक दिवस गेला, तर तेवढ्यात आणखी दोन पाळ्या त्याच पातेल्यातून जेवतात.

उपचार मात्र तपासणीसाठी थांबवू नये. 1971 साली बनगाव येथे निर्वासितांत पटकी पसरली व शिरेतून देण्याचे द्रव अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, ग्लुकोज व सोडा घातलेले पाणी पिंपांतून पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या खाली आले. आज जलसंजीवनीची पुडी सर्वत्र मिळते. ती नसेल, तर एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. डोळे खोल गेले, लघवी थांबली वा शौचात रक्त आले, तर रुग्णालय गाठावे.

आजारी आचाऱ्याने लक्षणे थांबल्यावरही दोन दिवस चुलीजवळ येऊ नये. तो येतो, कारण रोज बुडतो. त्या दिवसांची मजुरी मालकाने द्यावी.