दोन सेकंदांचा अल्बम

लग्नाहून परतलो की कितीही रात्र झालेली असो, आधी कार्डं रिकामी करायची आणि मग हातपाय धुवायचे, हा माझा शिरस्ता आहे. हळद, सीमांतपूजन, लग्न, वरात असे दोन दिवस. दोन कॅमेरे माझ्या गळ्यात, तिसरा जोडीदाराकडे. कार्ड रीडरचा दिवा लुकलुकत राहतो आणि पडद्यावरचा आकडा चढत जातो. एका लग्नाचे पाच हजार फोटो, यात आता कुणालाच नवल वाटत नाही. एका रॉ फाईलचं वजन सरासरी २८ मेगाबाइट धरलं तर सगळे मिळून १४० गिगाबाइट होतात. एका बाइटमध्ये शून्य किंवा एक असे आठ अंक असतात. म्हणजे त्या रात्री माझ्या टेबलावर १ लाख १२ हजार कोटी शून्य-एक ओतले जातात, आणि त्यांत कुठेतरी अंतरपाट खाली येतानाचा तो एक क्षण असतो.

असल्या आकड्यांसाठी आपण 'लाख कोटी' असे शब्द जोडत बसतो. खरं तर आपल्याकडे त्यांना स्वतंत्र नावं आहेत. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानं दिली आहेत. त्यातलं तेरावं स्थान महापद्म, म्हणजे एकावर बारा शून्यं. चाळीसगावजवळच्या पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने तिथे मठ काढला होता. आठशे वर्षांपूर्वी ज्यांनी महापद्म घोकला, त्यांना तो एका लग्नाच्या फोटोंत भरलेला दिसेल असं वाटलं नसेल. माझ्या कामात तर तो पावलोपावली भेटतो.

एकच फोटो घेऊ. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे साधारण एका टपाल तिकिटाएवढा. त्यावर आडवे ६००० आणि उभे ४००० असे २ कोटी ४० लाख प्रकाशबिंदू आहेत. प्रत्येकाची रुंदी ६ मायक्रॉन. केसाच्या जाडीत असे दहाएक शेजारी शेजारी बसतील. शटर उघडलं की प्रत्येक बिंदू पावसात ठेवलेल्या वाटीसारखा प्रकाश गोळा करतो. प्रकाशाचे कण आत येतात, त्यांचे इलेक्ट्रॉन होतात, आणि वाटीत किती साठले ते कॅमेरा मोजतो. आयएसओ १०० वर अशा एका वाटीत पन्नास हजारांच्या आसपास इलेक्ट्रॉन मावतात. सगळ्या वाट्या काठोकाठ भरल्या तर एका क्लिकमध्ये १ लाख २० हजार कोटी इलेक्ट्रॉन मोजले गेले. सव्वा महापद्माला थोडेसेच कमी, आणि तेही सेकंदाच्या दोनशेव्या भागात.

हे आकडे कळल्यापासून मी मंगल कार्यालयातल्या अंधाराकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो. संध्याकाळचा गोरज मुहूर्त असतो, दिवे पिवळे असतात, आणि आपण आयएसओ ३२०० वर नेतो. त्याचा खरा अर्थ असा, की प्रकाश बत्तिसाव्या हिश्श्यावर आला. सगळ्यात उजळ जागी पन्नास हजारांऐवजी जेमतेम दीड हजार, आणि नवरीच्या केसांच्या सावलीत कदाचित सोळा. प्रकाशाचे कण पावसाच्या थेंबांसारखे आपापल्या लहरीने पडतात. शेजारशेजारच्या दोन वाट्यांत सारखेच थेंब सहसा पडत नाहीत. हा चढउतार साधारण मूळ संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. पन्नास हजारांचं वर्गमूळ सव्वादोनशे, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरक. तो डोळ्याला कळतही नाही. सोळाचं वर्गमूळ चार. इथे फरक थेट २५ टक्के झाला. सावलीत जे दाणे दिसतात ते हेच. गिऱ्हाइकाला वाटतं कॅमेरा हलका होता. पण तिथे मुळात सोळाच कण पोचले होते, आणि मला त्या सोळांचं मोल वाटतं.

मोजणीही किती बारीक, बघा. रॉ फाईलमध्ये प्रत्येक बिंदूला १४ बिट मिळतात, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १६,३८४ पायऱ्या. लाल, हिरवा, निळा अशा तिन्ही रंगांचा गुणाकार केला तर ४३,९८,०४,६५,११,१०४ छटा होतात. चार महापद्मांहून जास्त. तीच फाईल जेपेग केली की पायऱ्या २५६ उरतात आणि छटा १,६७,७७,२१६. हळदीच्या पिवळ्यात आणि शालूच्या जरीत जो फरक असतो, तो वाचवायचा असेल तर रंगाचं काम रॉवरच उरकावं, जेपेग सगळ्यात शेवटी करावं. हा नियम मी हाताखालच्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी सांगतो.

बरं, त्या २ कोटी ४० लाख बिंदूंपैकी एकालाही पूर्ण रंग दिसत नाही. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या १९७६ च्या पेटंटनुसार प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाची काच असते. निम्म्यांवर हिरवी, पाव हिश्श्यावर लाल, पाव हिश्श्यावर निळी. उरलेले दोन रंग शेजाऱ्यांकडे बघून ठरवले जातात. एका फोटोला रंगांचे ७ कोटी २० लाख आकडे लागतात. त्यातले २ कोटी ४० लाख मोजलेले आणि ४ कोटी ८० लाख अंदाजाने भरलेले. दोन तृतीयांश फोटो हा अंदाज आहे, आणि तो इतका नेमका आहे की नवरीच्या आईला त्यात आपल्या मुलीचे डोळे जसेच्या तसे दिसतात.

त्याच कोडॅकमध्ये १९७५ साली स्टीव्हन सॅसन यांनी पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. शंभर बाय शंभर, म्हणजे दहा हजार बिंदू. एक फोटो कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. त्या वेगाने माझा एक फोटो उतरायला १५ तास २० मिनिटं लागली असती. मुहूर्ताच्या पहिल्या अक्षतेचा फोटो उतरेपर्यंत वऱ्हाड घरी जाऊन झोपलं असतं.

आता माझ्या हातून घडलेली चूक सांगतो. कॅमेरा फाईलच्या नावात चारच आकडे घालतो, ०००१ ते ९९९९. पुढे गाडी परत एकवर येते. धंद्यात नवा असताना मी दोन कॅमेऱ्यांची कार्डं एकाच फोल्डरमध्ये उतरवली. दोघांचे आकडे चार हजारांच्या पुढे चालले होते. संगणकाने विचारलं, याच नावाची फाईल आहे, बदलू का? डोळ्यांवर झोप होती, मी 'हो' म्हटलं. सदतीस फोटो गेले. त्यात वधूच्या आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवलेला फोटो होता. कार्ड तोवर पुन्हा वापरलं गेलं होतं. आजोबा त्याच पावसाळ्यात गेले. त्या घरी जाऊन मी जे सांगितलं, ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं.

तेव्हापासून फाईल उतरतानाच तिच्या नावात तारीख, वेळ आणि कॅमेऱ्याचं अक्षर पडतं. प्रती तीन: दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, तिसरी दुसऱ्या घरात, भावाकडे. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोघ यांनी रूढ केलेला हा तीन-दोन-एकचा नियम आहे. तीन प्रती, दोन प्रकारची साधनं, एक प्रत घराबाहेर. प्रत बरोबर उतरली की नाही हे संगणक एका ठशाने ताडून बघतो. फाईलमधला एक बिट बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. असे ठसे किती असू शकतात? महापद्माला महापद्माने गुणा, आलेल्याला पुन्हा महापद्माने गुणा, आणि त्याची ३४० पट करा. हे सगळं होईपर्यंत कार्ड फॉरमॅट करायचं नाही. मग पहाटेचे चार वाजले तरी चालतील.

दुसऱ्या दिवशी निवड सुरू होते. माझ्या मते सगळ्यात अवघड काम हेच. प्रत्येक फोटोला तीन सेकंद दिले तरी पाच हजारांचे १५ हजार सेकंद, म्हणजे चार तास दहा मिनिटं, तेही न उठता. अल्बमला चारशे लागतात. पाच हजारांतून चारशे किती प्रकारे निवडता येतील, याचा हिशेब मी एकदा केला. उत्तरात सहाशेहून जास्त अंक आले. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या लिहायला ऐंशीच्या आसपास अंक पुरतात. आणि माझ्या कॅमेऱ्याच्या साध्या आठ बिटी फाईलमध्ये बसू शकतील असे शक्य फोटो मोजायचे झाले, तर ती संख्या १७ कोटी ३३ लाख अंकांची होते. एका पानावर दोन हजार अंक छापले तरी तीनशे पानांची २८९ पुस्तकं भरतील, आणि हा नुसता आकडा लिहायचा खर्च. त्या अफाट ढिगातले बहुतेक फोटो म्हणजे नुसती रंगीत वाळू. माणसाचा चेहरा असलेले फार थोडे, आणि या नवरीचे त्याहून कितीतरी थोडे.

मग चार तासांत निवड होते तरी कशी? आपला डोळा जन्मापासून तेच करत आला आहे. डोळ्याच्या पडद्यावर बारा कोटींहून जास्त प्रकाशपेशी आहेत, आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेत धागे जेमतेम दहा-बारा लाख. शंभरातलं नव्याण्णव डोळ्यातच गाळलं जातं. माझी रीत साधी आहे. पहिल्या फेरीत फक्त नकार: मिटलेले डोळे, हललेला हात, कुणाचं तरी डोकं मध्ये आलेलं. दुसऱ्या फेरीत एकाच क्षणाच्या दहा फोटोंतला एक. तिसरी फेरी एक दिवस थांबून, कारण दमलेल्या डोळ्याला सगळंच बरं दिसतं.

पुढे अल्बम. आमच्याकडे बारा बाय छत्तीसची शीट चालते. इंचाला तीनशे बिंदू धरले की एका शीटमध्ये ३ कोटी ८८ लाख ८० हजार बिंदू. चाळीस शीटचे दीड अब्जाहून जास्त. फोटोशॉपमध्ये एक पूर्ण लेयर चढवला की फाईल ११७ मेगाबाइटने फुगते. म्हणून मी लेयर कमी ठेवतो, पार्श्वभूमीला फुलं-वेलबुट्ट्या घालत नाही, आणि एका शीटवर पाचाच्या वर फोटो घेत नाही. पाच फोटो रांगेत लावायच्याच १२० तऱ्हा होतात. मंगळसूत्राआधी सप्तपदी आली तर घरातली एखादी आत्या बरोबर ओळखते.

हे सगळं झाल्यावर एकदा मी वेळेची बेरीज केली, आणि त्या दिवशी दुसरं काम झालं नाही. माझा शटर साधारण सेकंदाचा दोनशेवा भाग उघडा असतो. तेवढ्यात प्रकाश पंधराशे किलोमीटर जातो, मुंबईहून दिल्लीच्याही पलीकडे. पाच हजार फोटो भागिले दोनशे, म्हणजे पंचवीस सेकंद. दोन दिवसांच्या लग्नातली कॅमेऱ्याने खरोखर पाहिलेली पंचवीस सेकंदं. त्यातले चारशे फोटो अल्बमात गेले, म्हणजे दोन सेकंद. महापद्मांचा सगळा खटाटोप त्या दोन सेकंदांसाठी.

मग कपाटातून आई-बाबांच्या लग्नाचा अल्बम काढला. काळी पानं, मध्ये बटर पेपर, कोपऱ्यांत चिकटवलेले फोटो. बाबांनी सांगितलं होतं, फोटोग्राफरने तीन रोल आणले होते. छत्तीसचे तीन, एकशे आठ फोटो. त्या काळी शटर साठावर ठेवत. एकशे आठ भागिले साठ.

एक पूर्णांक आठ सेकंद.

आईला हाक मारून हिशेब सांगितला. तिने चष्मा लावला, अल्बम मांडीवर घेतला आणि पहिलं पान उलटलं. दोन तासांनी मी चहाला बोलावलं तेव्हा ती अजून सप्तपदीवर होती.