उसण भरली, आता काय?

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत पलंगाखालची ट्रंक ओढायला वाकलो आणि कमरेत उसण भरली. चेंबूरहून लोकलने कचेरी गाठायची नि दिवसभर खुर्चीत बसायचे, एवढाच माझा व्यायाम! ‘फळीवर आठ दिवस पडून राहा,’ असे शेजारच्या आजोबांनी बजावले. एके काळी डॉक्टरही हेच सांगत. आता उलटे झाले आहे. पडून राहिल्याने स्नायू दुबळे होतात, दुखणे लांबते. साध्या कंबरदुखीत झेपेल तेवढे हिंडतेफिरते राहावे. ऑस्ट्रेलियात दुखण्यातून नुकत्याच उठलेल्या ७०१ जणांवरील प्रयोगाचा निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तज्ज्ञांच्या सल्ल्याने ज्यांनी चालणे हळूहळू वाढवले, त्यांचे दुखणे सर्वसाधारणपणे २०८ दिवसांनी उलटले. इतरांचे ११२ दिवसांतच. आणि चालायला ना तालीम लागते, ना लंगोट! मात्र पाय बधिर झाले, लघवीवरचा ताबा सुटला किंवा सोबत ताप आला, तर तडक डॉक्टर गाठावा.

मी डायमंड गार्डनला जाऊ लागलो. पहिल्या दिवशी एकच फेरी, तीही सौभाग्यवतींच्या खांद्याच्या आधाराने. आता रोज अर्धा तास चालतो. परवा पुन्हा ट्रंकेकडे वळलो, तर त्या म्हणाल्या, ‘अहो, थांबा. दोघे मिळून ओढू.’