दोन पाठ शेजारी ठेवून संपादन : रुंद व जोड पडद्यांचा उपयोग

उपासनाविधीतील एखादी प्रार्थना, धर्मशिक्षणाचा धडा अथवा बिशपांचे परिपत्र मराठीत आणण्याचे काम आपल्यापैकी पुष्कळांच्या वाट्यास येते. मूळ इंग्रजी असते, क्वचित लॅटिन. बेळगावकडे कानडी प्रतही जवळ ठेवावी लागते, गोव्यात रोमी लिपीतील कोंकणी. हे काम आता बहुतेक ठिकाणी संगणकावर होते, आणि ते करण्याची रीतही बहुतेकांची एकच असते. मूळ मजकूर पडद्यावर आणावयाचा, एखादे वाक्य वाचावयाचे, मग त्यावर मराठी मजकूर आणून स्मरणात राहिले असेल ते लिहावयाचे. मूळ दृष्टिआड होण्याचा हा काळ दोनचार सेकंदांचाच असतो. तेवढ्या अवधीत काय घडू शकते, हे नव्या कराराच्या हस्तलिखितांकडे पाहिल्यास उत्तम रीतीने कळते. म्हणून आरंभ तेथूनच करतो.

योहानाच्या पहिल्या पत्रातील दुसऱ्या अध्यायाचे २३ वे वचन घ्यावे. त्याचे दोन्ही अर्ध ग्रीक भाषेत एकाच शब्दसमूहाने संपतात. नकलकाराने पूर्वार्ध लिहिला, दृष्टी पुन्हा मुळाकडे नेली, ती उत्तरार्धाच्या शेवटी असलेल्या त्याच शब्दांवर जाऊन स्थिरावली, आणि तो तेथून पुढे लिहू लागला. परिणामी पुष्कळ हस्तलिखितांतून पुत्राचा स्वीकार करणाऱ्याविषयीचे अर्धे वचनच गळाले. १६११ च्या किंग जेम्स भाषांतरात ते वेगळ्या टाइपात छापून त्याविषयीची शंका दर्शवावी लागली. दुसरे उदाहरण प्रभूच्या प्रार्थनेचे. लूकच्या अकराव्या अध्यायात ही प्रार्थना प्राचीनतम हस्तलिखितांत आखूड आहे; नंतरच्या अनेक हस्तलिखितांत मात्र ती मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील शब्दांनी भरून निघालेली दिसते. नकलकारांच्या मनात खोट नव्हती. मत्तयातील प्रार्थना त्यांना मुखोद्गत होती, आणि लेखणी डोळ्यांपेक्षा स्मरणाच्या आज्ञेत चालली.

पहिली चूक दृष्टीची, दुसरी स्मरणाची. भाषांतरकाराकडून दोन्ही होतात. त्यांतही दुसरी अधिक घातक, कारण ती सुंदर दिसते. आपल्याला जुन्या प्रार्थनापुस्तकातील मराठी पाठ असते. नव्या मुळात एखादे विशेषण बदललेले असते, एखादी अट जोडलेली असते. आणि आपण सवयीचेच वाक्य, तेही अगदी प्रवाही, लिहून मोकळे होतो. वाचणाऱ्याला कोठेच अडखळावे लागत नाही, म्हणून ते कोणाच्या ध्यानात येत नाही. यावर उपाय अधिक स्मरणशक्ती हा नसून स्मरणाचे कामच कमी करणे हा आहे. मूळ व भाषांतर एकाच वेळी, एकाच नजरेच्या टप्प्यात राहिले पाहिजेत.

ही कल्पना संगणकाची नव्हे. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात ओरिजनने जुन्या कराराचे जे षट्स्तंभी संकलन सिद्ध केले, त्यात हिब्रू पाठ, ग्रीक अक्षरांत लिहिलेले तेच हिब्रू, आणि पुढे अक्विला, सिम्माखस, सेप्तुआजिंत व थिओदोशन यांचे ग्रीक पाठ असे सहा स्तंभ शेजारी-शेजारी होते. मूळ ग्रंथ नष्ट झाला. परंतु जे तुकडे उरले आहेत त्यांवरून दिसते की एका ओळीत हिब्रूचा एखाददुसराच शब्द आणि त्यासमोर प्रत्येक स्तंभात त्याचे प्रतिरूप, अशी मांडणी होती. म्हणजे ओरिजनने केवळ पाठ शेजारी ठेवले नाहीत, ते शब्दाशब्दाने जुळवून बांधले. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे.

अशा मांडणीची किंमतही प्राचीनांना ठाऊक होती. अलेक्झांड्रियाच्या अमोनियसने मत्तयाच्या शुभवर्तमानाशेजारी इतर तिघांतील समांतर उतारे लावले होते, असे युसेबियस आपल्या कार्पियानसला लिहिलेल्या पत्रात सांगतो. पण त्यामुळे त्या तिघांचा अखंड क्रम मोडला, ही त्याची तक्रार होती. म्हणून युसेबियसने प्रत्येक शुभवर्तमान अखंड ठेवून त्याच्या परिच्छेदांना क्रमांक दिले आणि दहा कोष्टके रचली. क्रम वाचला, परंतु वाचकाला पाने उलटणे भाग पडले. आज आपण संगणकावर एका प्रतीवरून दुसऱ्या प्रतीवर उडी घेतो ते युसेबियसच्या पद्धतीने, आणि दोन प्रती लगत मांडतो ते अमोनियसच्या. दोन्ही पद्धतींचे आपापले स्थान आहे. संदर्भ शोधण्यास पहिली पुरेशी असते. वाक्य घडविण्यास दुसरीच हवी. बेझाच्या हस्तलिखितात डाव्या पानावर ग्रीक आणि उजव्या पानावर लॅटिन, तेही अर्थानुसार तोडलेल्या लहान ओळींत, समोरासमोर आहे. अल्काला येथे १५१४ ते १५१७ या काळात छापलेल्या बहुभाषी बायबलात हिब्रू, लॅटिन व ग्रीक एकाच पानावर आले. १७७४ मध्ये ग्रीसबाखने मत्तय, मार्क व लूक स्तंभांत लावले, आणि त्यातूनच ‘समदर्शी’ शुभवर्तमाने हा शब्दप्रयोग रूढ झाला.

आता पडद्याकडे वळू. ए-फोर आकाराचा कागद २१ सेंटिमीटर रुंद व २९.७ सेंटिमीटर उंच असतो. चौदा इंची लॅपटॉपचा पडदा सुमारे ३१ सेंटिमीटर रुंद आणि साडेसतरा उंच. त्यावर दोन पाने शेजारी ठेवली तर प्रत्येकाला साडेपंधरा सेंटिमीटर मिळतात व अर्धे पान खाली दडते. बाहेरून जोडण्याचा चोवीस इंची मॉनिटर, ज्याची रुंदी व उंची १६ : ९ या प्रमाणात असते, तो सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद व ३० उंच असतो. म्हणजे त्यावर दोन ए-फोर पाने जवळजवळ खऱ्या आकारात उभी राहतात आणि बाजूस अकरा सेंटिमीटर जागा उरते. (वरची आज्ञांची पट्टी थोडी जागा खाते, ती मिटवून ठेवता येते.) २१ : ९ प्रमाणाचा चौतीस इंची पडदा सुमारे ८० सेंटिमीटर रुंद असल्यामुळे त्यावर तीन पाने सहज मावतात. बेळगावच्या बंधूंना तीन भाषा लागतात खऱ्या, तरी हा महाग पडदा घेण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. लॅपटॉप आणि एक साधा चोवीस इंची मॉनिटर मिळून तेच काम होते: मोठ्या पडद्यावर मूळ व मराठी, लॅपटॉपवर शब्दकोश अथवा तिसरी भाषा.

मॉनिटर जोडल्यावर प्रथम दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दिसू शकते. विंडोज प्रणालीत विंडोजचे चिन्ह असलेली कळ व ‘पी’ एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ हा पर्याय निवडला की दोन्ही मिळून एक सलग मेज होते. तीच कळ डाव्या अथवा उजव्या बाणाबरोबर दाबल्यास उघडलेला दस्तऐवज पडद्याचा नेमका अर्धा भाग व्यापतो; शिफ्ट जोडून दाबल्यास तो एका पडद्यावरून दुसऱ्यावर जातो. कार्यालयातील जुना दूरदर्शन संचही जोडता येतो. मात्र मोठ्या संचावर जवळून पाहताना अक्षरे भरड दिसतात, आणि मराठीतील रफार व अनुस्वार यांची गाठ पडते तेथे तो भरडपणा नडतो. ज्या मॉनिटरचा पाय फिरतो तो उभा करून पाहावा: चोवीस इंची पडदा उभा केला की ३० सेंटिमीटर रुंदीत ए-फोर पान ए-थ्रीएवढे मोठे होऊन संपूर्ण दिसते. जुन्या छापील पुस्तकाच्या छायाप्रतीवरून काम करणाऱ्यास यासारखी सोय नाही.

आता ओरिजनने साधलेली जुळणी. वर्डमध्ये ‘व्ह्यू’ या पट्टीत ‘व्ह्यू साइड बाय साइड’ ही आज्ञा आहे. ती दिली की दोन दस्तऐवज लगत येतात व एक सरकवला की दुसराही तितकाच सरकतो. एकाच भाषेतील दोन आवृत्त्या ताडून पाहण्यास हे उत्तम. परंतु मूळ इंग्रजी व मराठी यांची लांबी सारखी राहत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच दोन्ही प्रती एकमेकींपासून सुटतात आणि एकत्र सरकणे हीच अडचण होते. तेव्हा ‘सिंक्रोनस स्क्रोलिंग’ बंद करावे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे एकाच दस्तऐवजात दोन रकान्यांचे कोष्टक करून डाव्या रकान्यात मुळाचे एक वाक्य, उजव्यात त्याचे मराठी, अशी ओळीमागून ओळ बांधावी. अमोनियसला जी किंमत मोजावी लागली ती येथेही आहे: लेखाचा ओघ तुटतो, परिच्छेद कोठे संपतो हे कळेनासे होते. म्हणून आम्ही प्रार्थना, प्रश्नोत्तरी व विधीच्या सूचना कोष्टकात करतो, प्रवचने व पत्रे मात्र दोन स्वतंत्र खिडक्यांत. प्रत्यक्ष पवित्र शास्त्राच्या भाषांतरासाठी युनायटेड बायबल सोसायटीज व एसआयएल यांनी विकसित केलेल्या पॅराटेक्स्ट या प्रणालीत पाठ ओळीने न सरकता अध्याय व वचन यांच्या क्रमांकाने एकत्र सरकतात. ओरिजनचा हेतू आणि युसेबियसचे क्रमांक यांचा तेथे संयोग झाला आहे.

एक सावधगिरी. दोन प्रती दिसत असल्या तरी कळफलक एका वेळी एकाच प्रतीत लिहितो, आणि कोणत्या, हे कित्येकदा ध्यानात राहत नाही. मूळ प्रत नेहमी पीडीएफ स्वरूपात अथवा केवळ वाचनासाठी उघडावी. बाजूही ठरवून टाकावी: मूळ डावीकडे, मराठी उजवीकडे. ती रोज बदलू नये.

आपल्या धर्मग्रामांतील जुन्या साहित्यासंबंधी मात्र थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण शेजार-संपादनाचा सर्वांत निकडीचा उपयोग तेथेच आहे. गेल्या काही दशकांत टाइप केलेली गीतपुस्तके, नोव्हेना, विवाह व अंत्यविधीच्या पुस्तिका बहुधा युनिकोडपूर्व टंकांत आहेत. तो टंक नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या की निरर्थक रोमन चिन्हे दिसतात. त्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणता येतात. पण दोष नेमके कोठे शिरतात ते जाणून घ्यावे. जुन्या टंकांत अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठविलेली असतात: ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो: वेलांटी व्यंजनानंतर, रफाराचा ‘र्’ अक्षराच्या आधी. परिवर्तकाला प्रत्येक ठिकाणी ही उलटापालट करावी लागते, आणि जोडाक्षर आले की तो चुकू शकतो. ‘ख्रिस्त’ या नावात जोडाक्षरावर वेलांटी आहे, ‘प्रार्थना’ व ‘धर्म’ यांत रफार आहे. आपल्या पुस्तकांत जे शब्द पानोपानी येतात तेच सर्वांत अधिक धोक्यात असतात! वर्डची ‘कंपेअर’ ही आज्ञा येथे कामाची नाही, कारण तिच्या लेखी जुन्या टंकातील प्रत्येक शब्दच वेगळा असतो. यास एकच मार्ग: छापील पुस्तिकेची छायाप्रत डावीकडे, परिवर्तित मजकूर उजवीकडे, आणि दोहोंवर ओळीओळीने फिरणारी माणसाची नजर. ज्यांनी ही पुस्तके रचली ते धर्मगुरू व धर्मशिक्षक एकेक करून निघून जात आहेत, आणि शंका आल्यास विचारावे असे कोणी उरले नाही तर छापील प्रत हाच अखेरचा साक्षीदार राहील.

शरीराकडेही लक्ष असावे. ज्या पडद्यावर अधिक काम तो अगदी समोर, हाताच्या अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या पातळीत अथवा किंचित खाली ठेवावी. दोन्हींचे काम सारखे असल्यास त्यांचा सांधा नाकासमोर यावा. मान सतत एका बाजूस वळलेली राहिली तर आठवड्याभरात खांदा बोलू लागतो. आमच्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या, दोन नंबरांचा चष्मा असलेल्यांनी पडदा आणखी खाली घ्यावा, नाहीतर काचेच्या खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी उचलूनच बसावे लागते. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद सुमारे वीस फुटांवरच्या वस्तूकडे पाहावे, हा नेत्रवैद्यांचा सल्ला आहे. देवनागरी अक्षरांना वर-खाली मात्रा असल्यामुळे इंग्रजी बारा पॉइंटमध्ये ठेवले तर मराठी चौदा अथवा सोळामध्ये ठेवणे योग्य. दोन्ही सारखी ठेवून ‘मराठी बारीक दिसते’ अशी तक्रार करणारे पुष्कळ भेटतात.

सर्व ताडून झाले की मूळ प्रत बंद करावी आणि केवळ मराठी मजकूर संपूर्ण पडद्यावर आणून मोठ्याने वाचावा. मूळ समोर असताना इंग्रजी वाक्याची घडण मराठीत उतरत असते, आणि डोळ्यांना ते जाणवत नाही. कान मात्र चटकन पकडतो. शक्य असल्यास वाचन दुसऱ्या कोणी करावे, व्यासपीठावरून वाचन करणाऱ्या एखाद्या प्रापंचिक भगिनीने अथवा बंधूने, ज्यांनी मूळ पाहिलेलेच नाही. त्या जेथे थांबतील तेथे पेन्सिलीने खूण करावी, आणि त्या खुणा घेऊन पुन्हा दोन्ही प्रती उघडाव्यात.