भारी टीम कोणती बे?

विदर्भानं रणजी करंडक तीनदा जिंकला. त्यातली बेस्ट टीम कोणती, यावर बडनेरा-अकोला गाडीत रोज भांडणं व्हायची. एका रविवारी जामठ्याच्या स्टेडियममध्ये या भांडणाचं उत्तर मिळालं, आणि सोबत आणखीही एका प्रश्नाचं.

पुण्यातल्या ऑफिसचा माझा दुसराच दिवस. कॅन्टीनमध्ये ‘तू कुठला?’ वगैरे ओळखपरेड सुरू होती. मी ‘अकोला’ म्हटल्यावर समोरचा म्हणाला, “म्हणजे विदर्भ! ते रणजीवाले ना? वसीम जाफरला बाहेरून आणून जिंकले ते?”

माझा घास तोंडातच राहिला. बॉस, अमरावतीच्या गिला वड्याला नावं ठेव, आमच्या उन्हाला ठेव, पण हे नाही. एकाच राज्यात रणजीच्या तीन टीम आहेत, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. त्यातल्या महाराष्ट्राकडं दोन करंडक आहेत, तेही १९३९-४० आणि १९४०-४१ चे. आमच्याकडं तीन, आणि तिन्ही गेल्या काही वर्षांतले. पण नव्या ऑफिसात दुसऱ्याच दिवशी हे बोलायचं नसतं. मी हसलो, चहा प्यालो आणि मनानं थेट बडनेऱ्याच्या प्लॅटफॉर्मवर जाऊन पोचलो.

पासवाल्यांचा डबा

पुण्याला यायच्या आधी मी अमरावतीत नोकरी करायचो आणि घर अकोल्यात. म्हणजे अप-डाऊन. सकाळी अकोल्याहून निघायचं, बडनेऱ्याला उतरून ऑटोनं अमरावती गाठायची आणि संध्याकाळी उलटं. आमचा पासवाल्यांचा ग्रुप ठरलेला. त्यात बँकेतले एक काका, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेले. एक आमचं शेंडेफळ, नुकताच नोकरीला लागलेला. आणि मधल्या वयाचा मी. कुरूम आलं की विषय निघायचा, मूर्तिजापूरला तो पेटायचा आणि बोरगावपर्यंत काकांचा बीपी वाढलेला असायचा. विषय एकच. विदर्भाच्या तीन चॅम्पियन टीममध्ये भारी कोणती?

काकांचं मत २०१८-१९ च्या टीमला. शेंडेफळाचं २०२४-२५ ला. आणि मी? मी पहिल्या टीमचा, २०१७-१८ चा भक्त. पहिलं प्रेम ते पहिलं प्रेम!

राऊंड एक : पहिलं प्रेम

माझी बाजू मी अशी मांडायचो. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय. साठ वर्षं आपण काय होतो, तर मोठ्या टीमना पॉइंट देणारी टीम. त्या वर्षी चंद्रकांत पंडित कोच म्हणून आले आणि कॅप्टन फैझ फझलनं सीझनमध्ये ९१२ रन ठोकले. क्वार्टर फायनलला केरळला ४१२ रननं उडवलं.

मग कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर कर्नाटकाविरुद्धची सेमी. त्यांना जिंकायला १९८ हवे होते आणि ते १९२ वर ऑलआऊट झाले. पाच रननं मॅच! रजनीश गुरबानीनं दुसऱ्या डावात सात विकेट घेतल्या, मॅचमध्ये बारा. हा गडी शिक्षणानं सिव्हिल इंजिनिअर आहे, हे मी ऑफिसातल्या प्रत्येक इंजिनिअरला एकदा तरी ऐकवलंय.

फायनल इंदूरला, दिल्लीविरुद्ध. गुरबानीची हॅटट्रिक, तिघंही क्लीन बोल्ड. अक्षय वाडकर नावाच्या नव्या विकेटकीपरचे १३३. आदित्य सरवटेचे ७९. १ जानेवारी २०१८ ला नऊ विकेटनं मॅच खिशात. आणि आमच्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे उमेश यादव भारतीय संघासोबत दक्षिण आफ्रिकेला गेलेला असताना या फायनलमध्ये फर्स्ट क्लास पदार्पण कोणी केलं? अकोल्याच्या आदित्य ठाकरेनं. (नावावर जाऊ नका, हा फास्ट बॉलर आहे.) ज्या मैदानांवर आम्ही टेनिस बॉलनं काचा फोडल्या, त्या गावचा पोरगा थेट रणजीच्या फायनलमध्ये!

“मंग?” मी विचारायचो. “आहे का उत्तर?”

राऊंड दोन : काकांची बॅटिंग

काकांकडं उत्तर असायचं. “अबे, एकदा जिंकनं म्हंजे लॉटरीबी असू शकते. दुसऱ्यांदा जिंकनं म्हंजे पगार. दर महिन्याले यायला पायजे.”

काकांचा मुद्दा चुकीचा नव्हता. २०१८-१९ ला प्रत्येक टीम विदर्भासाठी खास तयारी करून येत होती. चाळिशी ओलांडलेल्या जाफरनं त्या सीझनमध्ये १,०३७ रन काढले. केरळविरुद्धच्या सेमीत वायनाडला उमेश यादवनं मॅचमध्ये ७९ रन देऊन १२ विकेट घेतल्या. फायनल जामठ्याला, सौराष्ट्रविरुद्ध. पहिल्या डावात आपल्याला लीड मिळाली फक्त पाच रनची. मग सौराष्ट्रला २०६ चं टार्गेट आणि ते १२७ वर खलास. ७८ रननं दुसरा करंडक. चेतेश्वर पुजारा दोन डावांत मिळून एक रन, दोन्ही वेळा सरवटेच्या बॉलिंगवर. सरवटेच्या मॅचमध्ये ११ विकेट, सीझनमध्ये ५५.

“उमेश, गुरबानी, सरवटे, वखरे,” काका बोटं मोडत म्हणायचे. “चारई आपल्या घरचे. वीस विकेट घ्याले बॉलर लागतेत बाप्पा, फेसबुक नाई.”

हा शेवटचा टोमणा शेंडेफळासाठी असायचा.

राऊंड तीन : शेंडेफळाचा सिक्सर

पोरगं हुशार. ते भावनेत जायचंच नाही, मोबाइल काढून थेट आकडे वाचायचं. २०२४-२५ च्या सीझनमध्ये विदर्भ एकही मॅच हरला नाही. यश राठोडचे ९६० रन, त्या सीझनमध्ये देशात सर्वाधिक. करुण नायरचे ८६३. पहिलाच सीझन खेळणाऱ्या दानिश मालेवारचे ७८३. आणि हर्ष दुबेच्या ६९ विकेट, म्हणजे रणजीच्या इतिहासात एका सीझनमधल्या सगळ्यात जास्त! क्वार्टर फायनलला तमिळनाडूला गुंडाळलं ते पुन्हा आपल्या आदित्य ठाकरेनं पाच विकेट घेऊन.

“आणि काका, ही टीम हरून आल्ती,” ते म्हणायचं. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईनं आपल्याला फायनलमध्ये १६९ रननं हरवलं होतं. ५३८ चं अशक्य टार्गेट असताना वाडकरनं शतक ठोकून शेवटपर्यंत झुंज दिली होती. पुढच्या वर्षी सेमीत तीच मुंबई नागपूरला आली. ८० रननं तिला परत पाठवलं.

मी तरीही माझा हुकमी मुद्दा काढायचो. “पण करुण नायर कर्नाटकाचा. ध्रुव शोरे दिल्लीचा. याला आपली टीम म्हणायचं?”

काका चष्म्यावरून बघायचे. “अन् तुया टीमचा जाफर काय दर्यापूरचा होता का बे?”

डब्यात हशा. खरंच, २०१८ च्या फायनलला जाफर आणि गणेश सतीश हे दोघं बाहेरचे होते. २०२५ ला शोरे आणि नायर. तेव्हाही दोन, आताही दोन. हिशेब बरोबर, आणि मी क्लीन बोल्ड.

तो रविवार

२०२५ ची फायनल पुन्हा जामठ्याला आली. समोर केरळ. गंमत बघा, तिन्ही विजेतेपदांच्या वाटेत केरळ आहेच, एकदा क्वार्टर फायनलला, एकदा सेमीला आणि आता फायनलला. शेवटचा दिवस रविवार, २ मार्च. आम्ही तिघं भल्या पहाटे निघालो.

एक गोष्ट मी दोघांनाही सांगितली नव्हती. मोबाइलमध्ये आठवडाभरापासून पुण्याच्या कंपनीचं ऑफर लेटर पडून होतं. उत्तर सोमवारपर्यंत द्यायचं होतं. घरी आई काही बोलत नव्हती, आणि तिचं ते न बोलणंच जास्त ऐकू येत होतं. आमच्या बॅचमधले निम्मे पुण्यात, उरलेले हैदराबाद-बंगलोरला. मीही गेलो तर? ‘गेला हाही’ एवढंच म्हणतील सगळे.

मॅचचं चित्र तोवर स्पष्ट होतं. पहिल्या डावात ३ बाद २४ अशी दाणादाण उडाली असताना मालेवार आणि नायरनं २१५ ची भागीदारी केली. मालेवारचे १५३, विदर्भ ३७९. केरळ ३४२. म्हणजे ३७ रनची लीड, आणि मॅच ड्रॉ झाली तरी त्या लीडवर करंडक आपला. शेवटच्या दिवशी करुण नायर शतक पूर्ण करून खेळत होता.

बॉल केरळच्या लेफ्ट आर्म स्पिनरच्या हातात गेला. तो पुढं आला, करुण क्रीझ सोडून निघाला, चुकला, स्टम्प. १३५ वर आऊट.

बॉलर कोण होता? आदित्य सरवटे. हो, तोच. काकांच्या टीमचा हिरो, नागपूरचा पोरगा. या सीझनला तो केरळकडून खेळत होता. पहिल्या डावात त्यानं आपल्याविरुद्ध ७९ रनही काढले होते. २०१८ च्या फायनलमध्ये आपल्यासाठी काढलेले अगदी तेवढेच!

म्हणजे नागपूरच्या पोरानं केरळच्या जर्सीत बॉल टाकला आणि विदर्भाची कॅप घातलेला कर्नाटकाचा माणूस आऊट झाला. आता सांगा, आपला कोण? मी काकांकडं पाहिलं. काका उभे राहून टाळ्या वाजवत होते. आधी करुणसाठी. मग सरवटेसाठी.

“काका, सरवटे तर गेला ना सोडून?”

“गेला त गेला,” काका म्हणाले. “पोटासाठी मानूस जाते बे. त्यानं काय शिकेल तेबी सोडलं का? बॉल तर तसाच टाकून राह्यला ना? अन् जो आज आपल्याकडून खेयते, तोबी आपलाच. टीम काय सात-बारा हाय का, नाव लावून ठेवाले?”

दुपारी आणखी एक धमाल झाली. पहिल्या डावात तिसऱ्या नंबरवर पाठवलेला आणि एका रनवर परतलेला दर्शन नळकांडे, अकोला क्रिकेट क्लबचा आपला गडी, आता तळाला येऊन बॅटिंग करत होता. स्कोअर ९ बाद ३७५, नळकांडे ५१ नॉटआऊट. त्याचं अर्धशतक झालं, दोन्ही टीमनी हात मिळवले आणि तिसरा करंडक विदर्भाचा झाला. शेंडेफळ माझ्या खांद्यावर चढायचंच बाकी होतं.

मग भारी कोण?

परतीच्या वाटेवर मी मोबाइलवर २०१८ च्या फायनलचे अकरा आणि २०२५ च्या फायनलचे अकरा शेजारी शेजारी ठेवले. दोन्हीकडं सारखं नाव किती? एक. अक्षय वाडकर. तेव्हा पहिलं शतक मारणारा पोरगा, आता कॅप्टन. बाकी सगळे बदललेले. फैझ फझल आणि जाफर रिटायर. सरवटे केरळला. गुरबानी महाराष्ट्राकडं. आणि २०१८ च्या त्या फायनलमध्ये दिल्लीकडून एकट्यानं १४५ काढून आपल्याला छळणारा कोण? ध्रुव शोरे. आता आपला ओपनर!

तिथंच माझं मत बदललं. बॉलिंगच्या ताकदीवर २०१८-१९ ची टीम सगळ्यात भारी, काका जिंकले. उमेश-गुरबानी-सरवटे-वखरे या चौघांसमोर पाच दिवस काढायला मला कुठलीच बॅटिंग दिसत नाही. काळजाच्या जवळची अजूनही २०१७-१८ ची, कारण पहिला करंडक दुसऱ्यांदा पहिला होत नसतो. पण मोठी टीम म्हणाल तर २०२४-२५ ची. सात वर्षांत अकरातले दहा बदलले, तरी करंडक घरी आला. पहिल्या दोन टीमनी विदर्भ जिंकू शकतो हे दाखवलं. तिसरीनं दाखवलं की माणसं गेली तरी टीम उभी राहते, फक्त मागून मालेवार, राठोड, दुबे येत राहिले पाहिजेत.

सोमवारी सकाळी मी पुण्याला ‘हो’ कळवलं. संध्याकाळी गाडीत ग्रुपला सांगितलं. शेंडेफळ गप्प झालं. काकांनी खिडकीबाहेर बघत विचारलं, “तिकडं इंटरनेट हाय ना? मंग तू कायले टेन्शन घेतं बे!”

ता. क.

ऑक्टोबर २०२५. नागपूरला इराणी कप, विदर्भ विरुद्ध रेस्ट ऑफ इंडिया. पुण्यातल्या ऑफिसात माझ्या एक्सेल शीटच्या मागं स्कोअरकार्ड उघडं. अकोल्याच्या अथर्व तायडेनं, ज्याला रणजीच्या फायनलच्या अकरांत जागा मिळाली नव्हती, पहिल्याच दिवशी शतक ठोकलं. दुसऱ्या दिवशी, गांधी जयंतीच्या सुट्टीला, काकांचा फोन आला.

“आऊट झाला बे पोट्टा. पण १४३!”

पेजरच्या जमान्यातल्या लोकांना या आकड्याचा अर्थ सांगायला नको. काकांना तो ठाऊक असेल असं वाटत नाही. पण मला मेसेज बरोबर पोचला. आपण ती मॅच ९३ रननं जिंकलो.

आणि हो, कॅन्टीनमधल्या त्या मित्राला मी नंतर एका वाक्यात उत्तर दिलं. “जाफरला बाहेरून आणलं होतं, बरोबर. तुमच्या कंपनीनं मला आणलं ना, तसंच!”