समोर मोठं शोरूम आलं तर? डेट्रॉइटच्या एका छोट्या फुटबॉल क्लबची गोष्ट



मागच्या बॅचमध्ये एका ताईंनी मला प्रश्न विचारला. त्यांचं कपड्यांचं दुकान आहे, सासऱ्यांच्या काळापासूनचं. म्हणाल्या, "सर, आमच्या समोरच मोठ्या कंपनीचं शोरूम येतंय. त्यांच्याकडे एसी, पार्किंग, जाहिरात, सगळं आहे. आमच्याकडे काय आहे?"

मी उत्तर दिलं, "सर्व्हिस चांगली द्या." खरं सांगू? ते उत्तर देताना मलाच पटलं नव्हतं. चांगली सर्व्हिस तर शोरूमवालाही देणारच की.

त्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर मला एका फुटबॉल क्लबच्या इतिहासात मिळालं. अमेरिकेतला डेट्रॉइट सिटी एफसी, म्हणजे डीसीएफसी. हा क्लब तिथल्या सगळ्यात वरच्या लीगमध्ये नाही. मेस्सी खेळतो ती एमएलएस वेगळी, हा तिच्या खालच्या पायरीवर खेळतो. तरीही अख्ख्या अमेरिकेतले फुटबॉलवेडे लोक त्याला ओळखतात. का ओळखतात, ते बघू. व्हिडिओमध्ये वेळ कमी होता, इथे सविस्तर सांगतो.

आधी मार्केट समजून घ्या

डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं शहर. १९५० साली तिथे साडेअठरा लाख लोक राहत होते. मग कारखाने बाहेर गेले, काही बंद पडले, लोक शहर सोडून जायला लागले. २०१० च्या जनगणनेत आकडा आला सव्वासात लाखांच्याही खाली. २०१३ मध्ये तर महापालिकेनेच दिवाळखोरीचा अर्ज केला.

आता मला सांगा, ज्या शहरातून अर्ध्याहून जास्त गिऱ्हाईक निघून गेलंय, तिथे कोण नवा धंदा काढेल? आणि तोही फुटबॉलचा, जिथे लोकांना बेसबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकीचं वेड आहे?

पण २०१० मध्ये शॉन मान नावाच्या एका तरुणाने तिथे हौशी लोकांची लीग सुरू केली. कल्पना अगदी साधी. प्रत्येक मोहल्ल्याची एक टीम, स्त्री-पुरुष एकत्र खेळणार, आणि मॅच संपली की सगळ्यांनी आपापल्या भागातल्या हॉटेलात, बारमध्ये बसायचं. फुटबॉल हे निमित्त होतं. शहरात उरलेल्या लोकांची एकमेकांशी ओळख व्हावी, हा खरा हेतू होता.

लक्षात घ्या, आधी माणसं जोडली गेली. प्रॉडक्ट नंतर आलं.

त्यातूनच पाच मित्रांनी २०१२ मध्ये डीसीएफसी उभा केला. चौथ्या पातळीची लीग, खेळाडू हौशी, मैदान कॅस टेक्निकल हायस्कूल नावाच्या शाळेचं. पाचही जण आपापली नोकरी-धंदा सांभाळून हे करत होते. आपल्याकडे म्हणतात तसं, पदरमोड करून.

ओळख उसनी आणली नाही

नवा ब्रँड काढताना आपण काय करतो? मोठ्या ब्रँडसारखं नाव ठेवतो, तसाच लोगो करून घेतो. अमेरिकेतल्या बऱ्याच टीमही तेच करतात: एखादा वाघ, सिंह, वादळ आणि झगमगीत रंग.

या पाच जणांनी आपल्या शहरातच शोधलं. डेट्रॉइटच्या भर वस्तीत १९५८ पासून बसलेला एक मोठा हिरवट कांस्य पुतळा आहे, 'स्पिरिट ऑफ डेट्रॉइट'. शहरातलं लहान पोरही तो ओळखतं. तोच क्लबच्या चिन्हावर आला. १७०१ मध्ये हे गाव वसवलं फ्रेंचांनी, 'डेट्रॉइट' हे नावही फ्रेंच. म्हणून टीमचं टोपणनाव 'ल रूज', म्हणजे लाल. रंग गडद लाल आणि सोनेरी.

यात जाहिरातीवर किती खर्च झाला असेल? फार नाही. शहराकडे आधीच होतं ते त्यांनी उचललं आणि स्वच्छ मांडलं.

दुसरी गोष्ट आली प्रेक्षकांकडून. 'नॉर्दर्न गार्ड' नावाचा समर्थकांचा एक गट तयार झाला. ढोल, लाल-सोनेरी धूर, नव्वद मिनिटं न थांबता गाणी. त्यातली काही गाणी घरी पोराबाळांसमोर म्हणता येणार नाहीत अशी! हा गट क्लबने पगार देऊन ठेवलेला नाही, तो स्वतंत्र आहे. क्लबने त्यांना गप्पही बसवलं नाही आणि जाहिरातीतले बाहुलेही बनवलं नाही. लोक निम्मे मॅच बघायला आणि निम्मे तो माहोल अनुभवायला यायला लागले. २०१५ पर्यंत एका मॅचला सरासरी तीन हजारांच्या वर गर्दी व्हायला लागली. शाळेचं मैदान पुरेना.

५२७ लोकांचा पैसा

आता खरी गंमत. धंदा वाढला की जागा लागते आणि जागेला पैसा लागतो.

डेट्रॉइटच्या पोटातच हॅमट्रॅमिक नावाचं एक छोटं स्वतंत्र शहर आहे. पूर्वी तिथे पोलंडहून आलेल्या कामगारांची वस्ती होती, आता येमेनी आणि बांगलादेशी लोक मोठ्या संख्येने आहेत. तिथे कीवर्थ स्टेडियम आहे, १९३६ मध्ये मंदीच्या काळात सरकारी रोजगार योजनेतून बांधलेलं. उद्घाटनाला खुद्द राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आले होते. पण २०१५ मध्ये त्याची अवस्था वाईट होती. मालकी स्थानिक शाळा मंडळाची, आणि डागडुजीला त्यांच्याकडे पैसे नाहीत.

क्लबने ठरवलं, हे स्टेडियम आपण दुरुस्त करू आणि इथेच खेळू. पैसे कुणाकडून? मिशिगन राज्यात तेव्हा नुकताच एक कायदा आला होता, ज्यामुळे छोट्या कंपनीला राज्यातल्या सामान्य रहिवाशांकडून गुंतवणूक घेता येत होती. त्याचा आधार घेऊन क्लबने हाक दिली. ५२७ लोकांनी मिळून ७,४१,२५० डॉलर दिले. भागाकार करा, माणशी सरासरी साधारण १,४०० डॉलर. ही देणगी नव्हती, परतफेडीच्या बोलीवर घेतलेला पैसा होता.

मे २०१६ मध्ये कीवर्थवर पहिली मॅच झाली, सात हजारांहून जास्त लोक आले. विचार करा, त्या बाकांवर बसलेल्यांपैकी काहींच्या मनात काय असेल? "हे बाक माझ्या पैशातून दुरुस्त झालंय." असं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाईल का?

एक सूचना मात्र इथेच देतो. हे वाचून उद्या गिऱ्हाइकांकडून पैसे गोळा करायला लागू नका! आपल्याकडे लोकांकडून ठेवी घेण्याबद्दल २०१९ चा कडक कायदा आहे. सीएला विचारल्याशिवाय असलं काही करायचं नाही.

आणि मग समोर शोरूम आलं

ताईंचा प्रश्न आठवतोय ना? डीसीएफसीसमोर नेमकं तेच उभं राहिलं, आणि तेही २०१६ मध्येच, कीवर्थ सुरू होत असताना.

डॅन गिल्बर्ट आणि टॉम गोर्स या दोन अब्जाधीशांनी जाहीर केलं की आम्ही डेट्रॉइटला एमएलएसची टीम आणणार. गोर्स हे डेट्रॉइटच्या बास्केटबॉल टीमचे मालक. गिल्बर्ट यांच्या शहराच्या मध्यभागी कितीतरी इमारती. नवं स्टेडियम, मोठा प्रकल्प, सगळा थाट.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. इंग्लंडमध्ये खालचा क्लब जिंकत जिंकत वर चढतो. अमेरिकेत तसं नाही. एमएलएसमध्ये जागा विकत घ्यावी लागते आणि त्या वेळी प्रवेश फीच १५ कोटी डॉलर होती. ७ लाख डॉलर गोळा करताना घाम गाळलेल्या क्लबने काय करायचं? मैदानावर कितीही जिंकलात तरी वरचं दार उघडणार नाही.

डीसीएफसीच्या कट्टर समर्थकांनी या बेताला उघड विरोध केला. त्यांचं म्हणणं साधं होतं: आमच्या शहरात आमची टीम आहे. आम्हाला वरच्या दर्जाची पण परकी टीम नको.

पुढे नव्या स्टेडियमऐवजी तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या बंदिस्त स्टेडियममध्ये खेळण्याचा प्रस्ताव आला. डिसेंबर २०१७ मध्ये एमएलएसने नॅशव्हिलची निवड केली आणि डेट्रॉइटला टीम मिळाली नाही.

आता प्रामाणिकपणे सांगतो. डीसीएफसीने अब्जाधीशांना हरवलं, असं मी म्हणणार नाही. निर्णय एमएलएसने घेतला, त्यांच्या गणितावर. पण त्या दीड वर्षात डीसीएफसीची माणसं पळाली नाहीत, हे महत्त्वाचं. शोरूम येणार की नाही, हे ताईंच्या हातात नाही. ते येईपर्यंत आपली माणसं किती घट्ट आहेत, ते मात्र हातात आहे.

घाई न करता वर

२०१८ मध्ये क्लबने एक जुनी इनडोअर जागा घेऊन तिथे फुटबॉलची छोटी मैदानं आणि बार चालू केला. का? कारण मॅच वर्षातून मोजक्याच दिवशी असतात आणि तिकडे हिवाळ्यात बाहेर बर्फ. म्हणजे सीझन नसतानाही गल्ल्यात पैसा यायला हवा. शाळेच्या सीझनवर चालणाऱ्या माझ्यासारख्या स्टेशनरीवाल्याला हे लगेच कळतं!

मग २०२० मध्ये क्लब व्यावसायिक झाला, तिसऱ्या पातळीच्या लीगमध्ये. महिला संघही जाहीर झाला. आणि नेमका कोरोना आला. तिकीटविक्री बंद. तेव्हा क्लबने आपला १० टक्के हिस्सा सामान्य लोकांसाठी खुला केला. दोन हजारांहून जास्त लोकांनी मिळून दहा लाख डॉलरच्या वर रक्कम उभी केली. आधी हे लोक सावकार होते, आता भागीदार झाले.

२०२२ मध्ये क्लब दुसऱ्या पातळीच्या यूएसएल चॅम्पियनशिपमध्ये गेला. त्याच एप्रिलमध्ये यूएस ओपन कपच्या मॅचमध्ये, कीवर्थवरच, एमएलएसच्या कोलंबस क्रूला २-१ ने हरवलं. कोलंबस २०२० चा एमएलएस विजेता. दहा वर्षांपूर्वी शाळेच्या मैदानावर खेळणारी टीम ही!

खरी परीक्षा आता आहे

गोष्ट इथे संपवली असती तर छान वाटलं असतं. पण पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे.

२०२४ मध्ये क्लबने डेट्रॉइटमधली साउथवेस्ट डेट्रॉइट हॉस्पिटलची जागा घेतली. २००६ पासून ते हॉस्पिटल बंद, ओसाड. तिथे सुमारे १५,००० प्रेक्षकांचं स्वतःचं स्टेडियम बांधायचं आणि २०२७ मध्ये तिथे खेळायचं, अशी योजना. म्हणजे कीवर्थ सोडायचं. तेच कीवर्थ, जे ५२७ लोकांनी उभं केलं.

धंद्याच्या हिशोबाने निर्णय बरोबर वाटतो. भाड्याच्या, नव्वद वर्षं जुन्या जागेत किती दिवस काढणार? पण स्वच्छ खुर्च्यांच्या नव्या स्टेडियममध्ये तो धूर, तो ढोल, ती शिवराळ गाणी टिकतील का? हॅमट्रॅमिकच्या गल्लीतून मिरवणुकीने मैदानावर जाणाऱ्या माणसाला नवी जागा आपली वाटेल का?

हा प्रश्न मला लागतो, कारण मी यात एकदा मार खाल्लाय. काही वर्षांपूर्वी मी दुकान नवं केलं. काचेचं दार, एसी, चकचकीत काउंटर. त्यात दारातलं जुनं लाकडी बाकडं काढून टाकलं, दिसायला बरं नव्हतं म्हणून. जून महिना आला आणि लक्षात आलं, शाळेची यादी घेऊन येणाऱ्या आया थांबेनात. पूर्वी त्या बाकड्यावर बसायच्या, एकमेकींशी बोलायच्या, "अगं, कंपासपेटी पण घे" म्हणायच्या. मी वह्या-पेन विकतोय असं समजत होतो. अर्धा धंदा ते बाकडं करत होतं! पुढच्या महिन्यात बाकडं परत आणलं. सगळं गिऱ्हाईक परत आलं नाही.

डीसीएफसीला कीवर्थ सोबत नेता येणार नाही. पण आपलं बाकडं कोणतं, हे त्यांना माहीत असेल तर ते नव्या जागेतही टाकता येईल. त्यांना जमेल का, हे येत्या काही वर्षांत दिसेल.

तुमच्यासाठी तीन प्रश्न

आज रात्री दुकान बंद केल्यावर वहीत लिहा:

१. तुमच्या दुकानातली कोणती गोष्ट फक्त तुमच्याच गावात होऊ शकते? नाव, बोली, सवय, काहीही.

२. तुमच्या यशात आपला वाटा आहे, असं किती गिऱ्हाइकांना वाटतं? आकडा नको, नावं लिहा. दहा नावं सुचली नाहीत तर काम बाकी आहे.

३. उद्या दुकान दुप्पट मोठं झालं तर कुठल्या एका गोष्टीला हात लावणार नाही?

त्या ताईंना मी परवा फोन केला आणि हाच तिसरा प्रश्न विचारला. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, आमच्याकडे लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या घरातल्या म्हातारीला सासूबाई स्वतः खाली गादीवर बसवतात आणि चहा देतात. काउंटर केलं तरी ती गादी मी काढणार नाही."

म्हटलं, ताई, उत्तर तुमच्याकडेच होतं.

तुमचं बाकडं कोणतं, ते कमेंटमध्ये नक्की लिहा. मी प्रत्येक कमेंट वाचतो. भेटूया पुढच्या व्हिडिओत!