पायाखालचा अर्धा इंच

संपादकांना हवा होता जुन्या लष्करी जीपगाड्यांच्या मेळाव्यावर लेख. मातकट हिरवा रंग, बॉनेटवरचा पांढरा तारा, मागे बांधलेला जेरीकॅन, फेटेवाले मालक. त्यातली एक गाडी मेळाव्याआधी कोल्हापूरच्या उद्यमनगरात कामाला आली आहे असे कळले म्हणून सहज डोकावलो, आणि मेळावा मागे पडला. गाडी युद्धकाळातली विलिस एमबी. तिच्याखाली मिस्त्री उताणे पडलेले, आणि बाहेर गोणपाटावर काढून ठेवलेली एक बोटभर पिन.

या गाडीचा इतिहास कुठेही मिळतो, त्यामुळे तो थोडक्यात. जुलै 1940 मध्ये अमेरिकी लष्कराने 135 कंपन्यांकडून हलक्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीसाठी निविदा मागवल्या. नमुना तयार करायला मुदत फक्त 49 दिवसांची. बँटम या छोट्या कंपनीने ती पाळली, पण मोठी कंत्राटे गेली विलिस आणि फोर्डकडे. 1945 पर्यंत दोघांनी मिळून सव्वासहा लाखांच्या वर गाड्या बनवल्या. युद्ध संपल्यावर आपल्याकडे ‘डिस्पोजल’च्या, म्हणजे लष्कराने विक्रीला काढलेल्या, जीपा आल्या. पुढे महिंद्रांनी विलिसच्या जीपची जुळणी मुंबईत सुरू केली आणि आमदार, डॉक्टर, ऊसवाले बागायतदार असे सगळे जीपमध्ये बसले.

मला धरून ठेवले ते ब्रेकच्या पेडलने. आजच्या मोटारीत पेडल डॅशबोर्डखाली वरून लोंबते. या जीपमध्ये ते जमिनीतून वर येते. त्याचा दांडा फरशीच्या पत्र्यातून खाली जातो, चेसिसलगतच्या एका शाफ्टवर झुलतो, आणि खालच्या टोकाला पिनेने एक आडवा दांडा जोडलेला असतो. हा दांडा मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलतो. दांड्याला आटे आहेत, त्यावर लॉकनट. नट सैल करून दांडा फिरवला की त्याची लांबी कमीजास्त होते. क्लचचे पेडलही त्याच शाफ्टवर. म्हणजे ही सगळी यंत्रणा चालकाच्या बुटाखाली, चिखल, पाणी आणि शेण यांच्या थेट वाटेत बसवलेली आहे. मास्टर सिलिंडरमध्ये ब्रेक ऑइल घालायचे तर पायाखालचे छोटे झाकण उघडून आधी माती झाडावी लागते. घाईत नाही झाडली तर ती ऑइलबरोबर आत जाते. रचनाकारांनी फार विचारपूर्वक ही जागा निवडली असेल असे मला वाटत नाही.

मिस्त्री बाहेर आले, हात पुसले आणि मला चालकाच्या सीटवर बसवले. “पायानं न्हाई, हातानं दाबून बघा.” दाबले. पेडल आधी अलगद गेले, मग अडले. “ह्या दोन्हीच्या मधलं मोकळं हाय न्हवं, ते अर्धा इंच. ते ठेवायचं. लोक येत्यात आन् म्हणत्यात, मिस्त्री, पेडल ढिलं हाय, टाइट करा.”

त्या ढिलाईचे कारण मास्टर सिलिंडरच्या आत आहे. तिथे टाकीतून सिलिंडरकडे जाणारे सुईच्या टोकाएवढे एक भोक असते. पेडल सोडलेले असताना पिस्टनवरचा रबरी कप या भोकाच्या मागे राहायला हवा, म्हणजे भोक उघडे राहते. चालताना ड्रम तापतात, ऑइल तापून फुगते, आणि जास्तीचे ऑइल त्या भोकातून टाकीत परतते. दांडा जरा लांब ठेवला आणि मोकळा अर्धा इंच खाल्ला की कप भोकावर येऊन बसतो. मग ऑइलला परतीची वाट नाही. ब्रेक धरू लागतात, धरल्याने ड्रम आणखी तापतात, तापल्याने आणखी धरतात.

याची गंमत अशी की गाडी गॅरेजमध्ये अगदी गुणी वागते. आंबा घाटाकडे निघाली की काही किलोमीटरनंतर जड होते. मालकाला वाटते कार्बोरेटर. रस्त्याकडेला थांबून चहा होईपर्यंत ड्रम निवतात आणि गाडी पुन्हा हलकी. एखादा हुशार माणूस चाकाजवळचा निप्पल सैल करतो, ऑइलची चिळकांडी उडते, चाक सुटते, आणि तो सांगतो की चाकाचा सिलिंडर खराब आहे. सिलिंडर बदलला जातो. दोष मात्र चालकाच्या टाचेखाली जागच्या जागी.

मिस्त्रींची परीक्षा साधी. ते टाकीचे बूच उघडतात, पोऱ्याला पेडल अगदी हळू दाबायला सांगतात आणि बॅटरी मारून आत बघतात. पहिल्या हालचालीलाच भोकातून बारीक कारंजे उठले तर वाट मोकळी. न उठले तर दांडा आखूड करायचा, पुन्हा बघायचे.

पण मोजमाप खरे ठरायला सांधे घट्ट हवेत, आणि खरी कटकट तिथूनच सुरू होते. ती गोणपाटावरची पिन एका बाजूने झिजून पातळ झालेली होती, आणि पेडलच्या दांड्यातले भोक लांबट. समजा पेडलची तरफ सहापट आहे, तर खाली अर्धा मिलिमीटर झीज म्हणजे पायाशी तीन मिलिमीटर. पिन, भोक आणि शाफ्टचा बुश तिन्ही झिजले तर तो अर्धा इंच निव्वळ झिजेचाच असू शकतो. हाताला मोकळे लागते, आत मात्र कप सिलिंडरच्या भोकावर. म्हणून नुसती पिन बदलून भागत नाही. दांड्यातले भोक वेल्डिंगने भरायचे, पुन्हा पाडायचे, रिमर फिरवायचा, बुश लेथवर काढायचा. उद्यमनगरात ही कामे हाकेच्या अंतरावर होतात, पण एक-दोन नगांसाठी लेथ थांबवायला कारखानदार नाखूश असतात. त्यांचा दोष नाही. मोठी ऑर्डर सोडून बोटभर पिनेला कोण वेळ देणार?

नव्या मास्टर सिलिंडरसोबत येणारा दांडा जुन्याइतकाच लांब असेल याचा भरवसा नाही. रबरी कपांचाही भरवसा नाही. ब्रेकमध्ये चुकून इंजिन ऑइलसारखे खनिज तेल गेले की रबर फुगते, फुगलेला कप भोक झाकतो, आणि दांडा बरोबर असूनही तीच लक्षणे दिसतात. सिलिकॉनचे ऑइल पाणी शोषत नाही म्हणून उभ्या गाड्यांचे मालक ते पसंत करतात, पण जुने ऑइल पूर्ण न काढता त्यावरच ते ओततात. नेहमीचे ऑइल हवेतला ओलावा ओढते, आणि वर्षभर उभ्या राहिलेल्या गाडीत आतून गंज धरतो. आणि झीज रोखणारा शाफ्टचा ग्रीस निप्पल रंगाच्या थराखाली बुजलेला मी स्वतः पाहिला. रंग उत्तम होता.

आणि या गाडीत चारही चाकांना ऑइलचा एकच मार्ग आहे. कुठेही फुटला तर चारही चाकांचा ब्रेक गेला. उरतो हातब्रेक, तोही चाकांवर नाही. ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर. तिथला ऑइल सील गळका असला की तोही तेलाने माखलेला.

केंद्राने 2021 मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला 20 हजार रुपये, पाटीवर ‘व्हीए’ अक्षरे, आणि वापर प्रदर्शन-मेळाव्यांपुरता. चांगलेच झाले. पण पाटी मिळाली म्हणजे गाडी थांबेल असे नाही. जीपमालकांना एवढेच सांगणे: रंगाच्या बिलातला थोडा भाग काढून पिन, बुश आणि रबरी कपांवर घाला, आणि मिस्त्रीला त्यासाठी एक अख्खा दिवस द्या. उद्यमनगरातल्या त्या मिस्त्रींच्या हाताखाली सध्या एकच पोऱ्या आहे, आणि त्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जायचे आहे.