पाठीचा बाक आणि मेंदूचा तोल

गेल्या महिन्यात एक बाई आपल्या बारा वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आल्या. शाळेच्या गणवेशाचे माप घेताना शिंप्याच्या लक्षात आले होते, की मुलीचा एक खांदा वर आहे. "डॉक्टर, हिला शंभरदा सांगितलं, नीट बस, दप्तर एकाच खांद्यावर लटकवू नकोस. पण ऐकेल तर ना!" मुलगी खाली मान घालून उभी होती.

मी तिला पाय जुळवून, गुडघे न वाकवता पुढे वाकायला सांगितले. पाठीच्या उजव्या बाजूच्या फासळ्या उंचावलेल्या स्पष्ट दिसल्या. क्ष-किरण फोटोत कण्याचा बाक २२ अंश भरला.

आधी त्या बाईंना सांगितले, की यात पोरीची काही चूक नाही. वाकडे बसल्याने किंवा दप्तराच्या ओझ्याने हा विकार होत नाही. याला स्कोलिओसिस म्हणतात. वयात येणाऱ्या शंभर मुलांत दोघा-तिघांना तो असतो. वाढत जाणारा बाक मात्र मुलींतच जास्त. बहुतेकांच्या मणक्यांत मुळात दोष नसतो. मग कणा वळतो का?

शरीर ताठ ठेवण्याचे काम केवळ हाडांचे नाही. कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा, लहान मेंदू आणि स्नायूंकडून येणाऱ्या संवेदना मिळून ते करतात. म्हणून संशोधकांची नजर मेंदूकडे वळली. १९५९ साली फ्रान्समध्ये कोंबडीच्या पिल्लांच्या मेंदूतील पिनिअल ग्रंथी काढली, तेव्हा त्यांचे कणे वाकडे झाले. माकडांत मात्र तसे घडले नाही. कोंबडीवरून माणसाचे अनुमान काढताना सांभाळावे लागते ते असे!

एमआरआय आल्यावर जिवंत मेंदू पाहता येऊ लागला. हाँगकाँगच्या चायनीज विद्यापीठातील डॉक्टरांना २००६ साली आढळले, की मोठा बाक असलेल्या मुलींत कण्याची लांबी वाढली, पण आतला मज्जारज्जू त्या मानाने वाढलेला नव्हता. २०११ साली तिथेच कानातील तोलाच्या अर्धवर्तुळाकार नलिकांच्या मांडणीत बारीक फरक दिसला. त्याच वर्षी स्पेनमध्ये अशा मुलांना हाताची हालचाल करायला लावून मेंदूची चित्रे घेतली. हालचालींची आखणी करणाऱ्या भागात डाव्या-उजव्या बाजूंचा असमतोल निरोगी मुलांपेक्षा जास्त होता.

पण यात एक मेख आहे. ही चित्रे बाक आल्यानंतर घेतलेली. मेंदूतल्या फरकाने कणा वळला, की वाकड्या शरीराशी जुळवून घेताना मेंदू बदलला? याचा उलगडा व्हायचा तर बाक येण्याआधीपासून मुलांचे फोटो वर्षानुवर्षे काढावे लागतील. शिवाय हे फरक गटांच्या सरासरीतले आहेत. एका मुलीच्या फोटोवरून काही ठरत नाही.

"मग हिच्या मेंदूचा फोटो काढायचा का?" बाईंनी विचारलेच. मी नको म्हणालो. छातीच्या भागातला बाक डावीकडे असेल, वय दहाच्या आत असेल, पाठ फार दुखत असेल किंवा पायांत अशक्तपणा असेल, तर कण्याचा एमआरआय जरूर करावा. हिला यातले काही नव्हते.

हिची पाळी अजून सुरू झालेली नाही, म्हणजे उंची झपाट्याने वाढायची आहे. बाक वाढण्याचा धोकाही याच काळात. त्यावर पट्ट्याचा उपयोग होतो. अमेरिका आणि कॅनडातील २०१३ च्या अभ्यासात पट्टा वापरणाऱ्या शंभरांपैकी ७२ जणांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. न वापरणाऱ्यांत ४८ जणांचा. रोज तेरा तासांच्या आसपास किंवा त्याहून अधिक वेळ पट्टा बांधणाऱ्यांत यश नव्वद टक्क्यांवर गेले. मालिशने बाक सरळ करून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागून हीच महत्त्वाची वर्षे निघून जातात.

चार महिन्यांनी फोटो पुन्हा काढायचा आहे. बाक २५ अंशांपुढे गेला तर पट्टा. निघताना मुलीने विचारले, "डॉक्टरकाका, खो-खो खेळू का?" खुशाल खेळ म्हटले, तेव्हा कुठे तिने मान वर केली.